ग्राफ म्हणतो लिंक मोकळी, ग्राहक म्हणतो आवाज तुटतो: कॉल सेंटरच्या रिपोर्टिंगसाठी बँडविड्थ काढताना या चुका टाळा

"सर, कस्टमर म्हणतोय तुमचा आवाज तुटतोय. मला मात्र तो नीट ऐकू येतोय." पुण्यातल्या 200 सीटच्या एका सेंटरवर ही तक्रार रोज यायची. कधी तुटतो ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी एका टीएलला (टीम लीडरला) वही दिली आणि सांगितलं, तक्रार आली की फक्त वेळ लिहून ठेव. संध्याकाळी वहीत होतं: 11:00, 11:30, 12:30, 1:00. बरोबर त्याच वेळी रिपोर्टिंग सर्व्हर मागच्या अर्ध्या तासाचा हिशेब मुख्य ऑफिसला पाठवत होता.

सरासरीवर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून आकडे नीट मांडतो.

अर्ध्या तासात 200 एजंट प्रत्येकी 8 कॉल घेतात, म्हणजे 1,600 कॉल. प्रत्येक कॉलच्या दोन नोंदी, नोंद साधारण 1 केबीची: 3.2 एमबी. शिवाय प्रत्येक एजंट 5 स्किलमध्ये (स्किल म्हणजे भाषा किंवा विषयानुसार पाडलेला कॉलचा गट), म्हणजे स्किलनिहाय हिशेबाच्या 1,000 ओळी, ओळ 500 बाइटची: आणखी 0.5 एमबी. एकूण 3.7 एमबी. 8 ने गुणलं की 29.6 मेगाबिट. (हे 8 ने गुणणं विसरलेली एस्टिमेट्स मी अनुभवी लोकांच्या हातची पाहिली आहेत. सर्व्हर बाइटमध्ये बोलतो, लिंक बिटमध्ये विकली जाते.)

29.6 मेगाबिट 1,800 सेकंदांवर पसरले की लिंकला जेमतेम 16 केबीपीएस लागतात. एक्सेलमध्ये हाच आकडा जातो आणि सगळे निर्धास्त होतात. पण सर्व्हर तो डेटा पसरून पाठवत नाही, अर्ध्या तासाचा ठोका पडला की एकदम सोडतो.

आता लिंक 10 एमबीपीएसची, आवाज आणि रिपोर्ट दोन्ही तिच्यावरूनच जातात. कॉल जी.729 या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून लहान करण्याच्या पद्धतीत. कोडेक 8 केबीपीएसचा असला तरी 20 मिलिसेकंदांच्या प्रत्येक पॅकेटला हेडर (पत्ता वगैरे माहिती) चिकटतात आणि इथरनेटवर एक कॉल 31 केबीपीएसच्या आसपास जातो. 200 एजंट एकाच वेळी बोलत असतील तर एका दिशेला 6.2 एमबीपीएस गेले. सुपरवायझरच्या स्क्रीन धरून उरले साधारण 3.1. त्यातून 29.6 मेगाबिट जायला नऊ-दहा सेकंद लागतात. तेवढा वेळ राउटरची क्यू (बाहेर पडायला थांबलेल्या पॅकेट्सची रांग) तुडुंब भरलेली असते आणि आवाजाची पॅकेट्स तिच्यात अडकतात किंवा गळतात.

लिंकच्या वापराचा ग्राफ काढणारं एमआरटीजीसारखं टूल डीफॉल्टने दर 5 मिनिटांनी राउटरचा काउंटर, म्हणजे किती डेटा गेला तो आकडा, वाचतं. 300 सेकंदांच्या सरासरीत हा लोट 0.1 एमबीपीएस दिसतो, म्हणजे ग्राफवर दिसतच नाही. काउंटर ठोक्याच्या आसपास दर सेकंदाला वाचा, आणि राउटरवर आउटपुट क्यूचे ड्रॉप, म्हणजे गळलेली पॅकेट्स, बघा. ड्रॉपचा आकडा अर्ध्या तासाला उडी मारत असेल तर वेगळा पुरावा नको.

दिशा न बघणं

एजंटला ग्राहक स्पष्ट ऐकू येत होता, ग्राहकाला एजंट नाही. याचा अर्थ भरली होती ती बाहेर जाणारी बाजू. तरी तक्रार आली की लोक स्पीड टेस्ट लावतात, डाउनलोडचा आकडा बघतात आणि लिंक ठीक आहे म्हणून तक्रार बंद करतात. दोन्ही दिशांचा हिशेब वेगवेगळा मांडा.

"रिफ्रेश जरा वाढवून द्या"

मुख्य ऑफिसात बसलेल्या सुपरवायझरची स्क्रीन दर 15 सेकंदांनी 200 ओळी ओढते. ओळ 150 बाइटची धरली तर 30 केबी, म्हणजे 16 केबीपीएस. 40 सुपरवायझरांचे 640 केबीपीएस. कुणीतरी मीटिंगमध्ये 5 सेकंदांचा रिफ्रेश मागतं, सेटिंग बदलायला अर्धं मिनिट लागतं, आणि आकडा 1.9 एमबीपीएसवर जातो. हा बदल नेटवर्क टीमला कळवण्याची पद्धत नसेल तर ती आजच घाला. ओळ किती बाइटची आहे ते माहितीपत्रकावरून घेऊ नका, वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट्स पकडून दाखवणारं टूल) लावून मोजा.

लिंक परत आल्यावरचा वेळ न धरणं

लिंक दोन तास बंद राहिली तर चार हिशेब साठतात, ते लगेच निघून जातात. खरा प्रश्न सर्व्हर नव्याने उभा करताना येतो, कारण तेव्हा जुना हिशेब पुन्हा पाठवावा लागतो. दर अर्ध्या तासाला 3.7 एमबी, तीन शिफ्टचं सेंटर, म्हणजे दिवसाला सुमारे 178 एमबी आणि महिन्याचे 5.3 जीबी. 3.1 एमबीपीएसमधून हे जायला जवळजवळ चार तास लागतात, आणि ते चारही तास आवाज तुटत राहतो. ते डिस्कवर नेता येत असेल तर न्या.

लांबची लिंक आणि जुना सर्व्हर

रिपोर्ट अमेरिकेतल्या क्लायंटकडे जात असेल आणि फेरी (पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) 240 मिलिसेकंदांची असेल, तर विंडो स्केलिंग (उत्तराची वाट न बघता जास्त डेटा पाठवू देणारी सोय) बंद असलेला सर्व्हर एका कनेक्शनवर 2.2 एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही, कारण एका फेरीत 65,535 बाइटच बाहेर पडतात. तिथे लिंक वाढवून पैसे वाया जातात.

आम्ही काय केलं

आवाजाच्या पॅकेट्सवर ईएफ मार्किंग, म्हणजे 'हे आधी सोडा' असं सांगणारा डीएससीपी 46 हा शिक्का, आणि राउटरवर त्याची प्रायॉरिटी क्यू. रिपोर्टिंग सर्व्हरला 1 एमबीपीएसची मर्यादा. हिशेब दहाऐवजी तीस सेकंदांत जाऊ लागला, त्याची कुणाला अडचण नव्हती. वहीत नवी वेळ पडली नाही. पण दुसऱ्याच दिवशी मुख्य ऑफिसातून फोन आला: वॉलबोर्ड (कॉलची लाइव्ह स्थिती दाखवणारी भिंतीवरची स्क्रीन) अर्ध्या तासाला थिजतोय. आयपी पत्ता बघून मर्यादा लावली होती, त्यामुळे लाइव्ह स्थिती आणि जुना हिशेब दोन्ही एकाच नळीत कोंबले गेले होते. पोर्टनुसार दोघांचे वर्ग वेगळे केले, लाइव्हला स्वतःचे 1 एमबीपीएस राखून दिले, आणि मग वॉलबोर्ड हलायला लागला.