लाचेच्या सापळ्यावर रहस्यकादंबरी लिहिताय? या चुका टाळा

सरकारी कार्यालयातली लाचखोरी, त्यातून पडलेला खून आणि तपास करणारा नेमका आरोपीच्या घरातला. नव्या लेखकांची ही आवडती जुळणी. हस्तलिखितं वाचून मत द्यायच्या कामात ती माझ्यासमोर सारखी येते. जुळणी उत्तमच आहे. चुका मात्र त्याच त्या, म्हणून एकदा लिहून टाकते.

पहिली आणि सगळ्यात मोठी: सापळा समजून न घेता लिहिणं. साहेब नोटा मोजतायत, दार धाडकन उघडतं, बेड्या पडतात, प्रकरण संपलं. अहो, सापळा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. तक्रारदार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जातो, मागणीची पडताळणी होते, पंच येतात, नोटांचे क्रमांक पंचनाम्यात उतरतात, नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पावडर लागते. पैसे घेणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की पाणी गुलाबी होतं आणि तेच पाणी बाटलीत सीलबंद होतं. यात नाट्य कमी पडतं का? पंच बहुधा दुसऱ्याच कार्यालयातले कर्मचारी असतात. ‘उद्या आमच्या साहेबांवर ही वेळ आली तर?’ म्हणत घाम पुसणारा पंच मला अजून एकाही हस्तलिखितात भेटलेला नाही.

एका होतकरू लेखकाचं बाड आठवतं. सापळ्यात अडकलेला अभियंता तक्रारदाराचा खून करतो, कारण तक्रारदारच नसेल तर खटला कुठला? सगळी कादंबरी या एका खुंटीवर टांगलेली. मी म्हटलं, ‘अरे, डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नीरज दत्ता प्रकरणात सांगितलंय की तक्रारदार मेला किंवा फितूर झाला तरी लाचेची मागणी आणि स्वीकार इतर पुराव्याने, अगदी परिस्थितिजन्य पुराव्यानेही सिद्ध करता येतो.’ यावर उत्तर आलं, ‘वाचकाला काय कळतंय, मॅडम?’ वाचकांत वकील असतात, कारकून असतात, निलंबित झालेलेही असतात. त्याला दिसलंच नाही की त्याची खरी कादंबरी इथेच होती: खटला मरावा म्हणून माणूस मारला आणि खटला जिवंतच राहिला. पण त्यासाठी शेवटची शंभर पानं नव्याने लिहावी लागली असती, आणि त्याला प्रकाशकाची घाई होती.

शिवाय तपास अधिकारी अभियंत्याचा सख्खा भाऊ! असा तपास भावाच्या हातात राहू देतात का? काढून घ्या तो. अधिकार नसलेला, खात्यात आणि घरातही नकोसा झालेला पोलीस जास्त कामाचा.

माझी सवय अशी की प्रसंग लिहायच्या आधी त्याचा पंचनामा रुक्ष सरकारी मराठीत लिहून काढायचा. छापायचा नाही. कोण कुठे उभं होतं, हे तिथेच पक्कं होतं.

दुसरी चूक घरातली. ‘तो माझा भाऊ आहे, साहेब!’ एवढ्या संवादात नात्यांचा ताण उरकला जातो. ताण कागदावर आणा. बेहिशेबी मालमत्तेच्या तपासात उत्पन्न, खर्च, मालमत्ता यांचा तक्ता मांडतात. मुलीच्या लग्नाचा खर्चही त्यात येतो. बहिणीच्या नावावर फ्लॅट घेतलेला असेल, तर गुन्ह्याला साहाय्य केल्याचा आरोप तिच्यावरही येऊ शकतो. आता ती भावाला वाचवेल की स्वतःला? फरार गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा आहे, पण त्यातून नवरा-बायकोला सूट आहे; आईला नाही, भावाला नाही. नवऱ्याने संसारात जे बोलून दाखवलं ते बायको त्याच्या संमतीशिवाय कोर्टात सांगू शकत नाही. त्याने माळ्यावर बॅग ठेवताना तिने जे पाहिलं, ते मात्र सांगू शकते. कायद्याने घराचे असे तुकडे आधीच पाडून ठेवलेत आणि तुम्ही पावसात रडणारी आई लिहिता!

बाकीच्या पटापट.

खाजगी कंपनीच्या खरेदी व्यवस्थापकावर लाचलुचपतवाल्यांचा सापळा लावू नका. तो कायदा मुळात लोकसेवकांसाठी आहे. तिथे फसवणूक, विश्वासघात ही कलमं शोधा.

लाच देणाराही 2018 च्या दुरुस्तीपासून गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल, तर 7 दिवसांत कळवावं लागतं. फुकटचं घड्याळ मिळालंय, वापरा.

शेवटच्या पानावर पोलीस ठाण्यात कबुलीजबाब? पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. आळशी शेवट.

मृताची डायरी सापडणे: नको. खरंच नको.

आणि 1 जुलै 2024 नंतरच्या खुनाला 302 लावू नका. भारतीय न्याय संहितेत ते कलम 103 आहे. जुना हवालदार सवयीने ‘तीनशे दोन’ म्हणाला तर चालेल.