केळं, साल आणि अँटीऑक्सिडंट: या चुका टाळा

केळ्याच्या सालीत गरापेक्षा जास्त पॉलिफेनॉल (वनस्पतींतली अँटीऑक्सिडंट संयुगं) असतात, हे खरं आहे. गॅलोकॅटेचिन हे त्यातलं ठळक नाव. पण या एका खऱ्या वाक्याच्या जोरावर जे अहवाल लिहिले जातात आणि जे सल्ले दिले जातात, ते वाचून आता खरोखर वैताग येतो.

लिंबू पिळून मग चाचणी करणं

ही चूक मला दर वर्षी दिसते. साल कापली की पेशी फुटतात, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं पॉलिफेनॉलचा फडशा पाडायला लागतं आणि साल काळपट होते. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं आणि आंबटपणानं हे थांबतं. इथवर ठीक.

विद्यार्थ्यांच्या एका गटानं लिंबूपाण्यात बुडवलेल्या सालीचा अर्क काढला आणि डीपीपीएच चाचणी लावली; यात अँटीऑक्सिडंट मिसळला की जांभळं द्रावण पिवळं पडतं. जांभळं द्रावण थेंब पडताच पिवळं झालं. सगळे खूश! तक्ता, आलेख, निष्कर्ष, सगळं त्याच दिवशी तयार. मी म्हटलं, आता साल बाजूला ठेवा आणि नुसतं तेच लिंबूपाणी तेवढंच पातळ करून घाला. तेही तसंच झटक्यात पिवळं झालं. क जीवनसत्त्व स्वतःच अँटीऑक्सिडंट आहे, त्यामुळे चाचणीनं मोजलं होतं ते मुख्यतः लिंबू. प्रयोग पुन्हा करा म्हटल्यावर उत्तर आलं, ‘मॅडम, सबमिशन परवा आहे.’ एवढी घाई असेल तर हा विषय घेऊच नये.

मी अख्खी साल दोन-तीन मिनिटं वाफेवर धरते, गार होऊ देते आणि मगच चिरते. उष्णतेनं विकर निकामी होतं. आधी चिरून मग वाफवलं तर तोवर नुकसान झालेलं असतं. उकळत्या पाण्यात तर टाकूच नका, पॉलिफेनॉल पाण्यात उतरतात आणि ते पाणी आपण ओतून देतो.

वाळलेल्या सालीची तुलना ओल्या गराशी

गरात सुमारे ७५ टक्के पाणी असतं. १०० ग्रॅम ताज्या गरात ३५८ मिलिग्रॅम पोटॅशियम आहे. तोच गर पूर्ण वाळवला तर १०० ग्रॅम भुकटीत ते १४०० च्या आसपास दिसेल. वाढलं काहीच नाही, पाणी गेलं. सालीत पाणी याहूनही जास्त, त्यामुळे १०० ग्रॅम ओल्या सालीतून भुकटी निघते जेमतेम १०-१२ ग्रॅम. ‘१०० ग्रॅम भुकटीत अमुक इतकं’ हा आकडा म्हणजे जवळपास किलोभर साली, आणि लोक घेतात चमचाभर. गर आणि साल एकाच ट्रेमध्ये, लागोपाठची दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवा. मग बोला.

बेरी किंवा कोकोच्या स्मूदीत केळं

अँटीऑक्सिडंट मिळावेत म्हणून बेरी घालायची आणि गोडव्यासाठी केळं, हा प्रकार फार लोकप्रिय आहे. केळ्यातलं तेच विकर इथंही काम करतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात केळ्याची स्मूदी प्यायलेल्यांच्या रक्तातली फ्लॅव्हनॉलची (बेरी-कोकोत असणाऱ्या पॉलिफेनॉलची) कमाल पातळी, फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल घेतलेल्यांपेक्षा ८४ टक्क्यांनी कमी आढळली. दोन्ही गोष्टी एकत्र न मिसळता एकाच वेळी घेतल्या तरी पातळी घटली, म्हणजे पोटातही हे चालू राहतं. मी केळं वेगळ्या वेळी खाते. केळ्यात दोष काही नाही, जोडी चुकते.

बाकीच्या, थोडक्यात

केळ्यावरचे काळे ठिपके म्हणजे कर्करोगाशी लढणारं ‘टीएनएफ’ नव्हे. ते प्रथिन आपल्या रोगप्रतिकारक पेशी बनवतात, केळं नाही. हा संदेश पुढे पाठवणं बंद करा.

सालीत डोपामिन (मेंदूतलं, आनंदाशी जोडलं जाणारं रसायन) आहे म्हणून ती खाऊन मन प्रसन्न होईल, हेही चूक. खाल्लेलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. केळ्यात ते अँटीऑक्सिडंट म्हणून महत्त्वाचं.

कच्चं आणि पिकलं केळं एकच धरू नका. पिकताना स्टार्चची साखर होते. आकडा लिहिताना पिकण्याची अवस्था लिहिलीच पाहिजे.

एका मध्यम केळ्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ३५१० मिलिग्रॅम सुचवते, म्हणजे हा साधारण आठवा हिस्सा; एका केळ्यानं गरज भागत नाही. बी-६ जीवनसत्त्वाच्या बाबतीत मात्र केळं खरंच दमदार आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

साल खायचीच असेल तर नीट धुवा. काढणीनंतर मारलेलं बुरशीनाशक मुख्यतः सालीवर राहतं. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी केळ्यापासूनही जपून राहावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियमचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि लघवीतल्या ५-एचआयएए चाचणीआधी (शरीरात सेरोटोनिन किती बनतंय हे पाहणारी चाचणी) केळं टाळा, त्यातल्या सेरोटोनिनमुळे अहवाल खोटाच वाढलेला येतो.