बारा जणांचा चिनी व्यूह मैदानावर कसा लावावा

कुंग फू शिकायला आलेलं पोर पहिल्याच दिवशी म्हणतं, "ताई, ठोसा दाखवा ना." मी कर्वेनगरला वुशू, म्हणजे चिनी युद्धकला, शिकवते. ठोशाआधी एक रविवार सेनापती छी चिग्वांगच्या व्यूहासाठी ठेवते, कारण चीनच्या रणात मुठीला किती जागा होती ते तिथे पायांनी कळतं.

चीनच्या किनाऱ्यावर 1550च्या दशकात समुद्री चाचे उतरत. त्यांच्या लांब जपानी तलवारींपुढे सरकारी फौज टिकेना. छीने ईवू भागातले शेतकरी आणि खाणकामगार भरती केले. एकेकाला पट्टीचा तलवारबाज करायला वेळ कुठला? त्याने त्यांना एकत्र लढायला शिकवलं. त्या रचनेचं नाव युआनयांग, म्हणजे जोडीनं राहणारी बदकं.

आधी बांबू आणा. बुरूड आळीत सहसा साफ केलेलेच मिळतात, म्हणून फांद्यांसकट दोन हवेत असं सांगून ठेवा. हेच छीच्या व्यूहातलं शस्त्र, 'लांडग्याचा झाडू'. मूळचा चार-साडेचार मीटरचा असे, मुलांना अडीच पुरे. फांद्यांची टोकं छाटाच. पहिल्या वर्षी मी छाटली नव्हती आणि एका मुलीच्या भुवईला खोक पडली.

पुढे म्होरक्या. मागे दोन ढाली: एकाला वेताची टोपली, दुसऱ्याला फ्रिजच्या खोक्याचा उभा पुठ्ठा. मग दोन झाडू, त्यांच्यामागे टोकाला चिंध्या बांधलेल्या चार लाठ्या, म्हणजे भाले. शेवटी त्रिशूळवाले दोघं. बारावा स्वयंपाकी, त्याच्याकडे पाण्याच्या बाटल्या द्या. टोपली चपळ, लहानखुऱ्या मुलाला द्या आणि झाडू दणकट मुलाला. छीची निवडही अशीच होती.

आता वर्गातल्या सगळ्यात तरबेज मुलाला लाकडी तलवार देऊन व्यूहावर सोडा. दहा पावलांत तो फांद्यांत अडकतो. पातं ओढून काढेपर्यंत ढालीच्या बगलेतून दोन भाले त्याच्या छातीशी आलेले असतात. इथे सगळ्यांना थांबवा आणि ज्याचा भाला पोचला त्याला विचारा, तुझ्यापुढे कोण उभं होतं?

छीने 1560च्या सुमारास लिहिलेल्या युद्धपुस्तकात मुठीचे 32 पवित्रे आहेत. मोठ्या लढाईत ते फारसे कामाचे नाहीत, पण हातपाय मोकळे होतात आणि शस्त्र शिकण्याची ती पहिली पायरी आहे, असं तोच सांगतो. मुठीची विद्या शहरी लोकांच्या व्यायामशाळेत आली ती फार नंतर: 1910मध्ये शांघायला चिंगवू संस्था निघाली, 1928मध्ये नानचिंगला युद्धकलेची सरकारी राष्ट्रीय संस्था. देश दुबळा झालाय, माणसं धडधाकट हवीत, ही त्यामागची तळमळ. आपल्या पेठांतल्या तालमी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती वेगळी समजवावी लागत नाही.

बांबू भिंतीला लावून ठेवा. पाणी प्या. मग रांगेत उभं करा, उजवा पाय मागे, आणि आता ठोसा.