वळणाऱ्या डंपरच्या डावीकडे सायकल घालू नका

अवजड गाडीखाली सायकलस्वार सापडतो तेव्हा गाडी सुसाटच असते असं नाही. सिग्नल सुटतो, डंपर ताशी दहा-पंधराच्या वेगानं डावीकडे वळतो आणि त्याचं मागचं चाक सायकलवर येतं.

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, आतून कापतात. पुण्यातल्या बारा मीटरच्या पीएमटी बसच्या (पीएमपी होऊन इतकी वर्षं झाली, तरी पीएमटीच) पुढच्या-मागच्या चाकांत साधारण सहा मीटर अंतर असतं. पुढचं बाहेरचं चाक १२ मीटर त्रिज्येच्या वळणावरून गेलं, तर त्याच बाजूचं मागचं चाक सुमारे १.६ मीटर आतून जातं. चौक जितका चिंचोळा, तितकं जास्त. वळायच्या आधी फूटपाथ आणि बसमध्ये दिसणारी सायकलपुरती फट वळण संपेपर्यंत शिल्लकच राहत नाही. त्यात लांब गाडी डावीकडे वळण्याआधी थोडी उजवीकडे सरकते, त्यामुळे ‘वाट दिली’ असं वाटतं. तिथंच लोक फसतात.

म्हणून सिग्नलला मोठ्या गाडीच्या मागेच थांबा, तीन-चार मीटर सोडून, लेनच्या मध्यावर. पुढे असलात तर केबिनपासून निदान तेवढेच पुढे उभे राहा. उंच केबिनमधून अगदी नाकासमोरचं दिसत नाही. गिअर हलका ठेवा, म्हणजे सुटताना डगमगणार नाही. गाडीच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. दिसत असेल तरी तो बघतोयच असं धरू नका. क्लीनर नसलेल्या गाडीची डावी बाजू तर आरशाच्याच भरवशावर असते. इलेक्ट्रिक बस स्टॉपवरून निघताना इंजिनाचा आवाज येत नाही, तेव्हा कानावर विसंबू नका.

कात्रज-कोंढवा रोड किंवा नगर रोडवर कडेपासून मीटरभर आत चालवा. अगदी कडेला कच, चेंबरची बसकी झाकणं आणि पेव्हर ब्लॉकची धार असते. चाक घसरलं की पडणं उजवीकडे, ट्रकच्या बाजूला होऊ शकतं. नवीन कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार हायवेनं सायकलवर उतरू नका. भरलेल्या ट्रकचे ब्रेक तिथं तापतात.

धडक झालीच, तर आधी इंजिन बंद आणि हँडब्रेक. माणूस चाकाखाली असताना ‘मागे घे, मागे घे’ असा ओरडा होतो. घेऊ देऊ नका, चाक दुसऱ्यांदा अंगावरून जातं. १०८ आणि अडकलेला असेल तर अग्निशमनाचा १०१ लावा. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नका.

हातापायातून रक्त उसळत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर दोन्ही हातांनी सलग दाबा. सारखं उचलून बघू नका. तरीही थांबेना, तर जखमेच्या पाच-सात सेंटीमीटर वर, सांध्यावर न येता, रुंद पट्टी बांधा, तिच्यात पाना अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि वेळ लिहून ठेवा. ट्यूब किंवा दोरी नको, ती अरुंद पडते. कंबरेवरून चाक गेल्याची शंका असेल तर कुशीवर वळवू नका, उभं करू नका. पाणीही पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं.

फसवी जखम वेगळीच. पायावरून टायर जातो, वरून नुसतं खरचटल्यासारखं दिसतं, माणूस चालतोही. पण कातडी आतल्या थरापासून सुटलेली असते, तिथं रक्त साठतं आणि काही दिवसांत ती काळी पडते. हँडल पोटात घुसल्यावरही तसंच: प्लीहा फाटल्याचं दुखणं काही तासांनी वाढतं. दोन्हींत त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. हळद लावून घरी बसू नका.

जखमीला नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही. २०२५ च्या योजनेनुसार नोंदणीकृत दवाखान्यात अपघातानंतर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार कॅशलेस मिळतात, त्यासाठी पोलिसांत नोंद लागते. गाडीचा नंबर, चाकांच्या खुणा आणि सायकल पडलेली जागा यांचे फोटो काढा. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करा. पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत वाकलेलं चाक सरळ करायला टाकू नका. धडक कुठल्या बाजूनं बसली हे त्यावरूनच दाखवता येतं.