इंदूरजवळून आकाशगंगा टिपायची तर

इंदुरात गच्चीवरून चंद्र झकास मिळतो, आकाशगंगा मात्र मिळत नाही. एक्स्पोजर वाढवलं की ताऱ्यांसोबत दिव्यांचा उजेडही तितकाच वाढतो. शहराबाहेर जावंच लागतं, आणि कोणत्या दिशेला जाता यावर निम्मं काम ठरतं. आकाशगंगेचा ठळक भाग धनू आणि वृश्चिक राशींकडे, म्हणजे दक्षिणेला असतो आणि इथून क्षितिजावर जेमतेम ३८ अंश चढतो. तेव्हा शहर पाठीशी हवं. देवास-उज्जैनकडे गेलात तर इंदूरचा उजेड नेमका फोटोत येईल. महूच्या पुढे जानापाव-मानपूरच्या बाजूला गेलात तर इंदूर मागे राहतं आणि समोर निमाडचा उतार. जागा दिवसाउजेडी पाहून ठेवा, ए. बी. रोडच्या (आग्रा-मुंबई महामार्गाच्या) ट्रकांचे दिवे आडवे येणार नाहीत अशी.

मार्चच्या मध्यात हा भाग रात्री दीडच्या सुमारास उगवतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात नऊ-साडेनऊला उगवून दोन-अडीचला ऐन दक्षिणेला येतो. जूनच्या मध्यानंतर ढगांमुळे विषय संपतो. ऑक्टोबरात अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला दोनेक तास मिळतात, पण पावसाने हवा धुतलेली असते. एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई (कापणीनंतर उरलेली खुंटं) जाळतात, तिचा धूर क्षितिजालगत तपकिरी पट्टा धरतो. फोटो सुधारताना तो काही केल्या जात नाही.

तिथी बघताना फक्त अमावास्येवर अडून बसू नका. शुद्ध षष्ठी-सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या पहाटा मोकळ्या मिळतात. वद्य अष्टमीचा चंद्र मात्र मध्यरात्री उगवून सगळं पांढरं करतो.

साधा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्यासोबत मिळणारी १८-५५ची किट लेन्स असेल तर १८ मिमी, छिद्र एफ ३.५, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, १२ सेकंद, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. तारे रेघा न होता किती सेकंद चालतील यासाठीचा ५०० भागिले फोकल लेंथ हा जुना हिशेब क्रॉप धरून २७ मिमीला (१८ गुणिले १.५) १८ सेकंद देतो, पण २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबट होतात. ३०० धरा, ११-१२ सेकंद येतात. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विन. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवा.

सगळ्यात जास्त फोटो वाया जातात ते फोकसमुळे. किट लेन्सवर बहुधा अनंताची (∞) खूण नसते, आणि असली तरी रिंग तिच्या पुढे फिरते. मॅन्युअल फोकस लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, स्वातीचा ठळक तारा आणा, दहापट मोठा करा. रिंग केसभर केसभर फिरवा: ठिपका लहान होत जाईल, मग पुन्हा फुगायला लागेल. सर्वात लहान होता तिथे परत या आणि रिंगवर टेप चिकटवा. नंतर झूम बदलला तर फोकस नव्याने. दिवसभर तापलेली लेन्स माळव्याच्या रात्रीत गार होते आणि फोकस सरकतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासा.

अंधारात स्क्रीन फसवते. काळाकुट्ट फोटोही उजळ वाटतो. हिस्टोग्राम (डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख) बघा, त्याचा उंचवटा डावीकडून साधारण एक तृतीयांशावर हवा. डाव्या भिंतीला चिकटला असेल तर आयएसओ वाढवा, एक्स्पोजरचे सेकंद नव्हे.

एका फोटोवर थांबू नका. कॅमेरा न हलवता १६ फोटो घ्या. एकत्र केल्यावर नॉइज (फोटोतले रवाळ ठिपके) चौथाईवर येतो. सिक्वेटर किंवा सिरिल ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर दहाएक काळे फोटो तिथेच घ्या, त्यावरून सॉफ्टवेअर सेन्सरचा स्वतःचा नॉइज वजा करतं. घरी गेल्यावर घेतलेले चालत नाहीत, कारण सेन्सरचं तापमान बदललेलं असतं. हेच काम करणारं कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोमागे तेवढाच वेळ फुकट जातो.

हिवाळ्यात ताऱ्यांभोवती वलयं दिसायला लागली तर फोकसला हात लावण्याआधी लेन्सवर टॉर्च मारा. बहुतेकदा दव असतं. पुसलं की पुन्हा धरतं. पॉवर बँकवर चालणारी हीटर पट्टी लेन्सभोवती सुरुवातीपासूनच गुंडाळा.