कुलूप फोडत नाहीत, किल्ली शोधतात

एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात माहिती बदलणं; इथे किल्ली म्हणजे एक गुप्त आकडा. ते ढोबळमानाने दोन प्रकारचं. एकाच किल्लीने बंद आणि उघड होणारं, म्हणजे सिमेट्रिक; यात २००१ पासून प्रमाण मानली गेलेली एईएस ही पद्धत येते. दुसरं, जोडकिल्ल्यांचं: बंद करायची किल्ली जगजाहीर, उघडायची फक्त तुमच्याकडे. १९७७ चं आरएसए याच जातीचं. ब्राउझर आधी जोडकिल्ल्या वापरून एक गुप्त किल्ली ठरवतो आणि पुढचा सगळा डेटा सिमेट्रिक पद्धतीने पाठवतो, कारण ती खूप वेगवान असते.

आता हल्लेखोराचं बघा. १२८ बिटच्या, म्हणजे १२८ शून्य-एकांच्या, एईएस किल्लीचे अगणित पर्याय एकेक करून तपासत बसायला तो वेडा नाही. किल्लीपर्यंत पोचवणारा तुमचा पासवर्ड तो ओळखू पाहतो. डिस्क एन्क्रिप्ट केली आणि पासवर्ड ठेवला जन्मतारखेचा, तर गणित कितीही भक्कम असून काय उपयोग? एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडून पासवर्ड करा.

बॅकअपकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. व्हॉट्सअॅपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येणारे असतात, पण क्लाउडवरच्या बॅकअपसाठी २०२१ पासून मिळणारी तशीच सोय सेटिंगमध्ये जाऊन तपासावी लागते. आजच तपासा.

लॅपटॉप घेऊन प्रवासाला निघताना तो स्लीपवर न ठेवता पूर्ण बंद करा. स्लीपमध्ये डिस्कची किल्ली बहुधा मेमरीतच राहते. आणि फोनमध्येच हेरगिरीचं अॅप शिरलं, तर ते उलगडलेला मजकूर थेट स्क्रीनवरून वाचतं. तिथे एन्क्रिप्शन हतबल. अपडेट वेळेवर करणं आणि अनोळखी अॅप न टाकणं, एवढंच हातात.