धरणाचं प्लॅनिंग: शेतीचं पाणी आणि पूर एकाच भांड्यात कसे बसवायचे

जुलैत मुंबईत एक ठरलेला सीन असतो, तुळशी तलाव भरला, विहार तलाव भरला असे मेसेज फॅमिली ग्रुपवर येतात, सगळे हात जोडलेले इमोजी टाकतात आणि कुर्ल्यात मिठी नदीच्या काठी राहणारी माझी मावशी तेवढी गप्प बसते. कारण विहार ओसंडला की ते पाणी मिठीतच येतं. भरलेला तलाव पूर अडवत नाही, त्याला रिकामी जागा लागते, आणि शेतीला नेमकं उलटं हवं असतं. भाच्याच्या सिव्हिलच्या प्रोजेक्टसाठी मुलुंडला घरी बसून आम्ही एक काल्पनिक धरण कागदावर बांधलं, तेच इथे टाकतोय.

आधी पाणी मोजा, भिंत नंतर. समजा पाणलोट, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी धरणात येतं तो भाग, ४० चौ.किमी. पाऊस घेताना सरासरी घेऊ नका, भाच्याने पहिल्यांदा तेच केलं होतं. सिंचनाला ७५ टक्के भरवशाचं वर्ष धरतात, म्हणजे १०० पैकी ७५ वर्षं तरी तेवढं पाणी येईलच असं. तसा पाऊस ६०० मिमी आणि त्यातलं ३० टक्के वाहून आलं तर झाले ७.२ दशलक्ष घनमीटर, म्हणजे आपल्या भाषेत दलघमी. त्यातून वरच्या बाजूची शेततळी, बंधारे, बाष्पीभवन, गावांचं पिण्याचं पाणी वजा करा, आम्हाला उरले ५.६.

आता हे शेतात किती पोचतं? कालवा, चाऱ्या (कालव्याचे छोटे फाटे), रात्री उघडं राहिलेलं दार, सगळं धरून निम्मं गळतं असं समजा. रब्बीच्या पिकाला शेतात हेक्टरी ४,००० घनमीटर लागलं तर धरणातून ८,००० सोडावं लागेल, म्हणजे ७०० हेक्टर भिजेल. तिथेच ऊस घुसला आणि त्याला २०,००० लागलं की तेच पाणी १४० हेक्टरला पुरतं. त्यामुळे पीक कोणतं हे न ठरवता लाभक्षेत्राचा (धरणाच्या पाण्याने भिजणाऱ्या जमिनीचा) आकडा छापणं म्हणजे निव्वळ थाप.

जागा शोधताना टोपोशीट (उंची-सखल दाखवणारा नकाशा) घ्या आणि जिथे दरी चिंचोळी होते पण मागे वाटीसारखी पसरते ती जागा बघा, कमी भिंतीत जास्त पाणी मावतं. आपल्याकडे खाली काळा पाषाण लागला की लोक खूश होतात, पण बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा कच्चा पट्टा असू शकतो, म्हणून बोअर मारल्याशिवाय पायाबद्दल बोलू नका. बुडीत क्षेत्रातली घरं आणि वहिवाटीच्या वाटा पण त्याच नकाशावर काढा, पुनर्वसन भिंतीच्या आधी. तळाला गाळासाठी मृत साठा (न वापरता सोडलेली जागा) ठेवून विमोचक, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार, त्याच्या वर घ्यायचा, आणि पाणी अडवायच्या आधी तो पुरा झालेला असला पाहिजे. पानशेतला १९६१ मध्ये हे काम अपुरं असतानाच धरणात पाणी चढलं आणि १२ जुलैला धरण फुटून पुण्यात काय झालं ते सगळ्यांना माहितीये.

मग पूर. त्याच ४० चौ.किमीवर एका दिवसात २०० मिमी पडला (मुंबईकरांनी हसू नये, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ होता) आणि ७० टक्के वाहिला तर आले ५.६ दलघमी. म्हणजे वर्षभराचा जो साठा आपण हिशोब करून काढला तेवढं पाणी २४ तासांत दारात! भाचा कॅल्क्युलेटर परत परत दाबत होता. सरासरी काढली तर सेकंदाला ६५ घनमीटर, आणि खरा लोंढा त्याच्या कितीतरी पट.

यावर उपाय दोन. दरवाजे असतील तर परिचलन सूची (कोणत्या तारखेला किती भरू द्यायचं याचं वेळापत्रक) करा, आमची अशी होती: जुलै अखेर ५० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, ऑगस्ट अखेर ८०, आणि १५ ऑक्टोबरला पूर्ण. पाऊस सप्टेंबरमध्येच संपला तर शेतकरी शिव्या घालणार, ती रिस्क आधीच गावासमोर ठेवा. दरवाजे नसतील तर रिकामं ठेवायचा प्रश्नच नाही, मग सांडव्याच्या (जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेच्या) माथ्यावर पूर चढायला जागा सोडायची. १ चौ.किमी पसाऱ्यावर दीड मीटर पाणी चढलं तर १.५ दलघमी तात्पुरतं थांबतं, लोंढ्याचं टोक बोथट होतं, एवढंच. या धरणाने पूर थांबेल असं बोर्डावर लिहू नका.

सांडव्यात मात्र काटकसर नको. १० दलघमीच्या आतल्या लहान धरणाला १०० वर्षांतून एकदाचा पूर धरतात आणि ६० च्या वर गेलं की शक्य तेवढा सगळ्यात मोठा, धरणाच्या उंचीवरून वर्ग वेगळा आला तर दोन्हीतला मोठा घ्यायचा, आणि खाली लगेच वस्ती असेल तर मी बिनधास्त एक पायरी वरचा घेईन. मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं की ती टिकत नाही.

शेवटचं काम धरणाच्या खाली. नदीकाठी निळी रेषा २५ वर्षांच्या पुराची, लाल १०० वर्षांच्या, दोन्ही गावाच्या नकाशावर आणा. आणि आकडेमोड झाली की एकदा खालच्या गावात जाऊन म्हाताऱ्यांना विचारा, काका, तुमच्या आठवणीत पाणी कुठपर्यंत आलं होतं? ते मारुतीच्या देवळाची पायरी दाखवतील. तुमची लाल रेषा त्या पायरीच्या खाली निघाली तर परत घरी या आणि पावसाचा आकडा पहिल्यापासून तपासा.